तराजूतला कापूस, दप्तरातली कुणबीण

गुलामगिरीच्या इतिहासात इ. स. १८४१ या सालच्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्यातील सॉलोमन नॉर्थप या जन्माने स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाला कामाचे आमिष दाखवून वॉशिंग्टनला नेण्यात आले. तेथे त्याला बेड्या पडल्या, पुढे न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात त्याची विक्री झाली, आणि त्यानंतरची बारा वर्षे त्याने लुइझियानाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून काढली. त्याच वर्षी इकडे कंपनी सरकारच्या विधी आयोगाने हिंदुस्थानातील गुलामगिरीवरचा आपला विस्तृत अहवाल सादर केला. पहिल्या घटनेवर १८५३ साली नॉर्थपचे आत्मकथन प्रसिद्ध झाले, आणि १६० वर्षांनी, २०१३ साली, स्टीव्ह मॅक्वीन या दिग्दर्शकाने त्यावर ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ हा चित्रपट काढला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. आपल्याकडच्याही सुशिक्षित प्रेक्षकांनी तो पाहिला, हळहळ व्यक्त केली, आणि माणसाने माणसाला विकावे हे अमेरिकेत घडले याबद्दल आश्चर्यही व्यक्त केले. दुसऱ्या घटनेवर कोणी कादंबरी लिहिली नाही, नाटक केले नाही, चित्रपट काढला नाही.

असे का व्हावे? हिंदुस्थानात गुलाम फारसे नव्हतेच, हे उत्तर चटकन सुचते. पण ते टिकत नाही. पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झालेले सर बार्टल फ्रिअर यांनी १८४१ च्या सुमारास कंपनीच्या मुलखात ऐंशी ते नव्वद लाख गुलाम असावेत, असा अंदाज केला होता. तो अंदाजच आहे. कारण आपल्याकडे त्या काळी खानेसुमारी नव्हती. परंतु अमेरिकेच्या १८४० च्या जनगणनेत गुलामांचा आकडा सुमारे पंचवीस लाख होता, हे लक्षात घेतले तर फ्रिअर यांचा अंदाज निम्म्याने खोटा मानला तरी प्रश्न शिल्लकच राहतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न मराठी मुलखाच्या, आणि विशेषतः आपल्या माळव्याच्या संदर्भात तपासून पाहावयाचा आहे.

प्रथम चित्रपटाविषयी. त्यातील फटक्यांची आणि रक्ताची दृश्ये प्रेक्षकाला हलवून सोडतात हे खरे. पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातली दोन साधी दृश्ये अधिक सांगून जातात. पहिले दृश्य रोज संध्याकाळचे. मळ्यावरच्या प्रत्येक गुलामाने दिवसभरात वेचलेला कापूस तराजूत घातला जातो, आकडा मोठ्याने वाचला जातो आणि वजन कमी भरले की फटक्यांची शिक्षा होते. पॅट्सी नावाची तरुणी रोज पाचशे पौंडांहून अधिक कापूस वेचते, म्हणून मालक तिचे सर्वांदेखत कौतुक करतो. आणि तोच मालक रात्री तिच्यावर अत्याचार करतो व पुढे तिची पाठ सोलून काढवतो. ल्युपिता न्योंगो या अभिनेत्रीने ही पॅट्सी उभी केली. दुसरे दृश्य नॉर्थपला झाडाला टांगल्याचे. गळ्यात दोर, पायांची बोटे चिखलाला जेमतेम टेकलेली, आणि त्याच्या पाठीमागे बाकीचे गुलाम आपापल्या कामाला लागलेले. मुले खेळत आहेत. कॅमेरा बराच वेळ हलत नाही. क्रौर्य हा गुलामगिरीचा एक भाग झाला. पण ते नित्याचे होऊन बसते आणि दिवस नेहमीसारखा चालू राहतो, हा त्याहून मोठा भाग होय. हिशेबाची वही आणि नेहमीसारखा दिवस या दोन खुणा मनात ठेवून आपण आपल्या दप्तरांकडे वळू.

मराठीत गुलाम स्त्रीला दोन शब्द रूढ होते : बटीक आणि कुणबीण. यांपैकी दुसरा शब्द थांबून पाहण्याजोगा आहे. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको, शेतकरीण. हा त्याचा सरळ अर्थ. परंतु मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१) या अर्थाच्या जोडीला ‘विकत घेतलेली दासी’ हाही अर्थ नोंदलेला आहे. एका कष्टकरी जातीतील स्त्रीचे नाव आणि गुलाम स्त्रीचे नाव एकच व्हावे, यात त्या समाजाची उतरंड दिसते. बटकीच्या किंवा राखेच्या पोटी जन्मलेल्या मुलाला लेकावळा म्हणत. आज हे शब्द शिवीपुरते उरले आहेत. पण एके काळी ते हिशेबाचे, करारांचे आणि निवाड्यांचे शब्द होते.

पेशवे दप्तरातून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या रोजनिशा विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाल्या, तेव्हा हे सारे प्रथमच छापील स्वरूपात वाचकांसमोर आले. न्यायमूर्ती रानडे यांनी या रोजनिशांच्या आधारे लिहिलेल्या निबंधात या प्रथेची दखल घेतलेली आहे. पुढे जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यांनी अठराव्या शतकातील मराठी राज्यातील गुलामगिरीचा स्वतंत्र अभ्यास केला. उमा चक्रवर्ती यांनी पेशवाईतील जातिव्यवस्था आणि स्त्रियांचे नियंत्रण यांच्या संदर्भात, तर सुमित गुहा यांनी राज्यसंस्थेच्या संदर्भात याच साधनांचा धांडोळा घेतला. या सर्वांच्या लेखनातून जे चित्र उभे राहते ते थोडक्यात असे आहे.

या गुलामांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते. त्या तीन वाटांनी येत. पहिली वाट लढाईची. मुलूखगिरीत हाती लागलेल्या बायका व मुले छावणीबरोबर येत आणि विकली जात. दुसरी वाट दुष्काळाची. उपासमारीत आईबापच पोटची पोर विकत. तिसरी वाट मात्र आपल्याला अधिक अस्वस्थ करणारी आहे, कारण ती सरकारी निवाड्यातून जात असे. बदकर्माचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रीला सरकारजमा करून कुणबीण करण्याची शिक्षा पेशवाईत रूढ होती. अशा स्त्रिया किल्ल्यांवर, कोठीत, पागेत, इमारतीच्या कामावर पाठविल्या जात. काहींना सरकारी माणसांकडे बक्षीस म्हणून दिले जाई. श्रीमंतांच्या घरी मुलीच्या लग्नात आंदण म्हणून जी चीजवस्तू जाई, तीत बटीकही असे. खरेदी करताना तिची जात विचारली जाई, आणि त्याचे कारण उघड आहे : पाणी कोणी भरावयाचे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत कोणी यावयाचे हा प्रश्न माणूस विकत घेतानाही सुटत नव्हता. अमेरिकेत गुलामाची किंमत वय, बळ आणि कौशल्य पाहून ठरे. आपल्याकडे त्यात सोवळ्याओवळ्याची भर होती.

या नोंदी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. धान्य, बैल, घोडे, कापड यांच्या नोंदी ज्या हातांनी केल्या, त्याच हातांनी, त्याच शाईने, त्याच मोडी वळणाने या बायकांच्याही नोंदी झाल्या. लिहिणाऱ्या कारकुनाला यात काही वेगळे वाटले असेल असे त्या ओळींवरून दिसत नाही. मॅक्वीनच्या चित्रपटातील तराजू तो हाच, आणि झाडामागे चाललेला नेहमीसारखा दिवसही हाच.

आता माळव्याकडे येऊ. महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ रोजी झाली, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. या घडामोडींत प्रमुख असलेले सर जॉन माल्कम यांनी पुढची काही वर्षे या प्रांताची माहिती गोळा केली आणि १८२३ साली मध्य हिंदुस्थानावरचा आपला द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध केला. माळव्याच्या इतिहासासाठी आपण तो नेहमी उघडतो. अहल्याबाईंच्या कारभाराविषयी त्यातील आदराने लिहिलेली पाने तर आपल्याला विशेष प्रिय आहेत. त्याच ग्रंथात गुलामगिरीचाही भाग आहे, तो मात्र क्वचितच कोणी उद्धृत करतो. माल्कम यांचे निरीक्षण असे की, माळव्यात पुरुष गुलाम थोडे आहेत आणि त्यांना बऱ्यापैकी वागविले जाते. परंतु गुलाम स्त्रियांची संख्या येथे जितकी आहे तितकी हिंदुस्थानच्या दुसऱ्या कोणत्याही प्रांतात क्वचितच असेल, आणि त्यांच्या वाट्याला बहुधा देहविक्रय येतो. नाचगाण्याच्या फडांच्या नायकिणी लहान वयाच्या मुली पैसे मोजून घेत, हेही ते सांगतात. राजपूत ठिकाण्यांवर गोला-गोलींची वेगळी परंपरा होतीच.

माल्कम हे जेत्याच्या बाजूचे लेखक. आपल्या राज्याची भलामण करण्यासाठी आधीच्या अमदानीतील दोष वाढवून सांगण्याचा मोह त्यांना झाला असेल, असा आक्षेप घेता येईल. तो रास्तही आहे. पण त्याच ग्रंथातील अहल्याबाईंची स्तुती आपण विनातक्रार स्वीकारतो. स्तुती प्रमाण मानावयाची आणि गैरसोयीचे तेवढे जेत्याचे म्हणून बाजूला सारावयाचे, ही इतिहासाची रीत नव्हे. शिवाय पुण्याची मराठी दप्तरे, जी जेत्याने लिहिलेली नाहीत, तीही याच प्रथेची साक्ष देतात.

दुसरा आक्षेप अधिक प्रचलित आहे. ‘आपल्याकडचे दासदासी घरच्यासारखे वागविले जात, अमेरिकेसारखे मळे आपल्याकडे नव्हते, तसा छळही नव्हता.’ यात तथ्यांश आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. अमेरिकेतील गुलामगिरी वर्णावर उभी होती, ती आईकडून मुलाला वारशाने मिळे, आणि एका जागतिक व्यापाराचा पाया म्हणून ती चालविली जाई. दख्खनमधली परंपरा निराळी होती. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्याने १६१० साली खडकी शहर वसविले आणि १६२६ साली मरेपर्यंत मोगलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिले नाही. लुइझियानाच्या मळ्यावरच्या माणसाला असे काही स्वप्नातही शक्य नव्हते. शिवाजी महाराजांनी १६७७ साली कर्नाटकाच्या स्वारीत डच व्यापाऱ्यांना जो कौल दिला, त्यात माणसांच्या खरेदीविक्रीला स्पष्ट मनाई केली होती; आधीच्या अमलात तुम्हांस ती मुभा होती, माझ्या राज्यात असणार नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ही गोष्ट निषिद्ध मानणारी दृष्टी मराठी राज्याच्या आरंभीच होती. मग पुढच्या शतकात त्याच राज्याच्या दप्तरात कुणबिणींची खाती का सापडावीत, हा प्रश्न त्या कौलामुळे सौम्य होत नाही, उलट अधिक टोकदार होतो.

आणि ‘घरच्यासारखे वागविणे’ या समर्थनाला उत्तर त्या चित्रपटातच आहे. नॉर्थपचा पहिला मालक फोर्ड हा सुस्वभावी, धर्मशील गृहस्थ आहे. तो गुलामांना बायबल वाचून दाखवितो, नॉर्थपच्या हुशारीचे चीज करतो, त्याला व्हायोलिन भेट देतो. परंतु बाजारात एका आईला विकत घेताना तिच्या मुलीला मागे ठेवून तो निघून येतो. आणि मी स्वतंत्र माणूस आहे, असे नॉर्थप कळवळून सांगतो तेव्हा ते ऐकून घेणे आपल्याला परवडणारे नाही, असे म्हणून कर्जापायी त्याला एका क्रूर माणसाच्या हवाली करतो. मालक चांगला की वाईट, हा प्रश्नच नव्हता. चांगल्या मालकाचा चांगुलपणा त्याच्या मर्जीवर अवलंबून होता आणि मर्जी संपली की गुलामाजवळ दाद मागण्यासारखे काही उरत नव्हते. आपल्या वाड्यांतून एखाद्या बटकीला लेकीसारखे सांभाळले गेले असेलही. पण ती जावयाचे म्हणाली असती तर तिला जाऊ दिले असते काय, एवढा एकच प्रश्न विचारला की पुरे.

मराठी मनाला गुलामगिरीचे दुःख ठाऊकच नाही असेही नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले, आणि दुसऱ्या दिवशी अब्दालीच्या छावणीत आपल्या बायकामुलांची जी वाटणी झाली, ती आठवण आपल्या बखरींनी, कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी जिवंत ठेवली. त्या स्त्रियांसाठी आपण अडीचशे वर्षांनंतरही व्याकुळ होतो, आणि ते योग्यच आहे. प्रश्न एवढाच की, आपल्या माणसांना दुसऱ्याने गुलाम केले ते आपल्या स्मरणात राहिले, आणि आपण दुसऱ्याला गुलाम केले ते विस्मरणात गेले. आपल्या ऐतिहासिक नाटक-चित्रपटांत दासी असतेच. ती तबक घेऊन येते, चवरी ढाळते, निरोप सांगते आणि विंगेत जाते. ती कोठून आली, तिचे गाव कोणते, तिला कोणी आणि का विकले, हे विचारावे असे नाटककाराला वाटत नाही, प्रेक्षकालाही वाटत नाही.

या विस्मरणाला कायद्याच्या इतिहासानेही हातभार लावला. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी संपविणारा कायदा १८३३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने केला. मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. पण कंपनीचा हिंदुस्थानातील मुलूख त्यातून वगळला. येथे १८४३ चा पाचवा कायदा आला. तो अवघ्या चार कलमांचा आहे. सरकारी अधिकाऱ्याने देण्याच्या वसुलीसाठी कोणाला गुलाम म्हणून विकू नये. गुलामाच्या मालकीचा हक्क कोर्टाने मानू नये. कोणी गुलाम आहे या सबबीवर त्याची मिळकत हिरावून घेऊ नये. आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जे कृत्य गुन्हा ठरते ते गुलामाविरुद्धही गुन्हाच ठरावे. बस, एवढेच. ‘तू आजपासून मोकळी आहेस’ असे या कायद्याने एकाही स्त्रीला सांगितले नाही. कोर्टाने मालकाकडे पाठ फिरविली, पण गुलामाकडे तोंड केले नाही. माणसाला गुलाम म्हणून विकणे वा बाळगणे हा फौजदारी गुन्हा झाला तो भारतीय दंडविधान १८६२ च्या आरंभी अमलात आले तेव्हा. कंपनीचे हे कायदे होळकरांच्या व शिंद्यांच्या राज्यांत आपोआप लागू नव्हतेच. अमेरिकेत गुलामगिरी संपली ती चार वर्षांच्या यादवीनंतर, सहा लाखांहून अधिक सैनिक मेल्यावर, १८६५ च्या डिसेंबरात घटनेची तेरावी दुरुस्ती होऊन. तेथे ती संपल्याचे प्रत्येकाला कळले. येथे ती कागदावर संपली आणि घरात ‘जुनी मोलकरीण’ या नावाने राहून गेली.

या यादवी युद्धाशी आपला संबंध केवळ वाचनापुरता नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरला जाई आणि तेथले कापड आपल्या बाजारात येई. १८६१ साली युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे रोखली गेली, आणि गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा वऱ्हाड, खानदेश, गुजरात आणि माळवा येथील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा माजला, आणि १८६५ साली युद्ध थांबताच सारे कोसळले. पॅट्सीच्या तराजूचे दुसरे पारडे आपल्या बाजारपेठांत होते, असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही.

त्या युद्धाचा अर्थ ज्याला सर्वांत आधी कळला तो मराठी माणूस म्हणजे जोतीराव फुले. तेराव्या दुरुस्तीला आठ वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, १८७३ साली, त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेतील सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाच्या गौरवार्थ अर्पण केले. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा त्यांनी त्यात प्रकट केली. पुण्यात बसून, त्या काळच्या दळणवळणात, एका मराठी लेखकाने अटलांटिकपलीकडच्या घटनेत आपल्या समाजाचे प्रतिबिंब पाहिले. जोतीरावांनी गुलामगिरी हा शब्द जातीच्या दास्यासाठी योजला. विकत घेतलेल्या बटकीपुरता तो मर्यादित नव्हता. त्यांच्या इतिहासविषयक मांडणीतील अनेक गोष्टींशी मतभेद होऊ शकतात. परंतु अमेरिकेतील दास्य पाहून आपल्याला आपले घर आठवले पाहिजे, ही त्यांची दृष्टी दीडशे वर्षांनंतर चित्रपट पाहणाऱ्या आपल्यापाशीही बहुधा नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेत असा चित्रपट निघू शकला याचे पहिले कारण पैसा नव्हे, तंत्रही नव्हे. तेथे गुलामांनी स्वतः बोलून ठेवले होते. फ्रेडरिक डग्लसचे आत्मकथन १८४५ चे, नॉर्थपचे १८५३ चे, हॅरिएट जेकब्ज या स्त्रीचे १८६१ चे. पुढे १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून दोन हजारांहून अधिक वृद्ध माजी गुलामांच्या मुलाखती लिहून घेण्यात आल्या. दुसरे कारण संशोधकांची चिकाटी. नॉर्थपचे पुस्तक विसाव्या शतकात जवळजवळ विस्मृतीत गेले होते. लुइझियानातील सू ईकिन या इतिहासकार बाईंनी त्याचा अनेक वर्षे पाठपुरावा केला, स्थानिक कागदपत्रांशी त्यातील नावे, गावे आणि व्यवहार ताडून पाहिले, आणि जोसेफ लॉग्सडन यांच्यासह १९६८ साली त्याची सटीप आवृत्ती काढली. चित्रपट त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी आला.

आपल्याकडे पेशवाईतील एकाही कुणबिणीचे आत्मकथन नाही. त्या आवाजाच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी लेख मुक्ता साळवे या मुलीचा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला, म्हणजे नॉर्थपच्या पुस्तकानंतर अवघ्या दोन वर्षांनी. मागल्या अमदानीत आपल्या लोकांवर काय गुदरले हे त्यात तिने सांगितले आहे. तो निबंध आज पुन्हा वाचला जातो ही समाधानाची गोष्ट होय. पण तिच्या आधी, वाड्यांच्या परसदारी आणि किल्ल्यांच्या कोठ्यांत, ज्या बायका जगल्या आणि मेल्या, त्यांना अक्षर शिकविणारे कोणी नव्हते.

विकली गेलेली स्त्री पुढेही आपल्या आसपास राहिली. तिच्याकडे पाहण्याची आपली नजर मात्र फारशी बदलली नाही. इंदूर दरबारची नर्तकी मुमताज बेगम दरबार सोडून मुंबईस गेली. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर तिला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला आणि तिला आश्रय देणारे व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. खटल्यात इंदूर संस्थानच्या नोकरीतील माणसे आरोपी होती. चौकशी आयोगाला सामोरे जाण्याऐवजी महाराज तुकोजीराव तिसरे यांनी १९२६ च्या फेब्रुवारीत गादी सोडली. मुमताज कायद्याने गुलाम नव्हती. परंतु दरबारातून निघून जाण्याचा तिला हक्क आहे ही साधी गोष्ट कोणाला मान्य नव्हती, म्हणूनच हे सारे घडले. १९२५ सालीच होमी मास्टर यांनी या प्रकरणावर ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढला. गावोगाव चर्चा झाली ती सौंदर्याची, राजाची आणि खुनाची. एक स्त्री स्वतःच्या मर्जीने निघून जाऊ पाहत होती, या मूळ गोष्टीची चर्चा फार थोड्यांनी केली.

मराठी रंगभूमीने हा प्रश्न नेमका विचारला तो विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ या नाटकात. १९८१ साली एका इंग्रजी दैनिकाच्या वार्ताहराने बायकांचा बाजार उघडकीस आणण्यासाठी एक स्त्री खरोखरच विकत घेतली होती; त्या घटनेतून हे नाटक आले, आणि १९८४ साली त्यावर हिंदी चित्रपटही निघाला. नाटकातील पत्रकार जयसिंग विकत आणलेल्या कमलेला वार्ताहर परिषदेत उभी करतो. ती मात्र घरात त्याच्या सुशिक्षित पत्नीला निरागसपणे विचारते, तुम्हांला किती रुपयांना घेतले? आपल्या साहित्यात विकत घेतलेल्या स्त्रीने प्रश्न विचारल्याचे हे बहुधा सर्वांत लक्षात राहणारे उदाहरण. पण तो प्रसंग वर्तमानातला आहे. इतिहासातील कमलेला अजून तोंड फुटलेले नाही.

ते फुटावे यासाठी चित्रपटाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या मराठी घराण्यांच्या पेट्यांतून अजूनही मोडी कागद आहेत. लग्नाच्या याद्या, आंदणाच्या यादी, खर्चाच्या वह्या आहेत. वंशावळ शोधण्यासाठी, इनामाचा पुरावा काढण्यासाठी आपण ते उघडतो. त्याच याद्यांत घोडा, पालखी आणि भांडी यांच्या ओळीत एखादे स्त्रीचे नाव आढळले, तर ते नजरेआड न करता टिपून ठेवावे. लेकावळ्यांचे वंश पुढे आपल्याच समाजात मिसळून गेले आहेत; तेव्हा हे काम करताना कोणाला हिणविण्याचा किंवा कोणाच्या पूर्वजांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू असता कामा नये. वाडा बांधणाऱ्याचे नाव आपण लिहून ठेवले आहे. त्याच्या कोठीत दळणारीचे नाव त्याच वहीत असेल, तर तेही वाचणे हे इतिहास लिहिणाऱ्याचे काम आहे.